भिंतीला शिकवलेली खूण

रविवार, ९ नोव्हेंबर

माफी मागते. जूनपासून या वहीत एक अक्षर लिहिलेलं नाही. याआधी दोनदा मी आनंदाच्या भरात पानंच्या पानं भरली आणि दोन्ही वेळा ती मलाच फाडावी लागली. म्हणून या खेपेला ठरवलं होतं, डॉक्टर ‘आता काळजी नाही’ म्हणेपर्यंत तोंड बंद आणि पेनही बंद. परवा त्या म्हणाल्या. खरं तर ‘आता काळजी कमी’ असं म्हणाल्या. मी वजनमापे खात्यात निरीक्षक आहे; ‘नाही’ आणि ‘कमी’ यांतला फरक मला नोंदवायलाच हवा.

तर आज आम्ही महिन्याभरासाठी या भाड्याच्या घरात आलो. आमचं घर हॉस्पिटलपासून लांब, मधे रेल्वेचं फाटक, आणि माझं वय त्रेचाळीस. शेवटचे आठवडे हाकेच्या अंतरावर राहा, असा डॉक्टरांचा हुकूम. झोपायच्या खोलीच्या खिडकीतून हॉस्पिटलचं मागचं दार दिसतं आणि गच्चीवर वाळत घातलेल्या हिरव्या चादरी. पहिला मजला, दोन खोल्या, खाली मालकीणबाई. त्या म्हणाल्या, मला पोटुश्या बायकाच भाडेकरू म्हणून बऱ्या. धिंगाणा नाही, आणि मुदत भरली की न सांगता जागा खाली होते. नवरा हसला. नणंद तर जिन्यातच बसली हसून हसून.

नवरा धरणाच्या कामावर आहे, शनिवार-रविवारच येणार. सोबतीला नणंद. ती गाडी चालवायला शिकवते, त्यामुळे दार उघडण्यापासून हॉस्पिटलच्या पायरीपर्यंत सगळ्याची रंगीत तालीम आजच झाली. मी कळा येत असल्याचं नाटक नीट केलं नाही म्हणून ती मला नापास करणार होती.

खोलीत ऊन छान येतं. पलंग कुणीतरी अगदी मधोमध ओढून ठेवला होता, फरशीवर पायांचे ओरखडे आहेत. आम्ही तो बाहेरच्या भिंतीला टेकवला. चालायला जागा झाली. मी खूश आहे. लिहूनच टाकते: मी खूश आहे.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

बॅग भरली. बाळाचे कपडे धुऊन, उन्हात तापवून, एकेक संच वेगळ्या पिशवीत. माझे पुढून उघडणारे दोन गाऊन, मोजे, रिपोर्टांची फाइल, मोबाइलचा चार्जर. नणंदेने वरून तिची लिपस्टिक टाकली. म्हणाली, वहिनी, फोटोत बाळ गोड दिसेलच, तुझी खात्री नाही.

आमच्या खुणेबद्दल इथे कधी लिहिलं नव्हतं. सातव्या महिन्यापासून मी दुपारी पोटावर बोटाने दोनदा टकटक करते, थांबते, मग एकदा. बाळ लाथ मारून उत्तर देतं. उत्तर आलं की मी तळहात पोटावरून हळू गोल फिरवते: शाबास. नणंद म्हणते, जन्माआधीच पोराची तपासणी! बाहेर आल्यावर काट्यावर ठेवून शिक्का मारशील आणि वर दंडही करशील. आज त्याने तीनही वेळा उत्तर दिलं. संध्याकाळी त्याला उचक्या लागल्या, रोज लागतात तशा. पोट बारीक उडत होतं. मी आणि नणंद बघत बसलो, पिक्चर बघावा तसं.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

दुपारी डाव्या कुशीवर पडले होते, तोंड भिंतीकडे. भिंतीतून टकटक आली. ताल नव्हता, दारावर लहान मुलाने वाजवावं तसं काहीतरी. आणि बाळाने लाथ मारली.

माझ्याशिवाय कुणाला त्याने उत्तर दिल्याची ही पहिली वेळ. खरं सांगायचं तर मला किंचित मत्सर वाटला.

नळाचा पाइप असेल म्हणून खाली उतरून मागे जाऊन पाहिलं. भिंत सपाट आहे. पाइप नाही, खिडकी नाही, वेल नाही. खाली हॉस्पिटलच्या नोकरांच्या सायकली लावतात, वर मोकळी हवा. आमच्या पलंगाच्या पलीकडे काहीच नाही.

सोमवार, १७ नोव्हेंबर

रोज दुपारी येतोय आवाज. नवऱ्याला काल ऐकवायला गेले तर नेमका आला नाही. तो म्हणाला, इमारती उन्हाने फुगतात आणि वाजतात, मी रोज काँक्रीटमध्येच असतो, माझ्यावर विश्वास ठेव.

पण एका मापावरून मी आजवर कुणाचा काटा जप्त केलेला नाही. म्हणून आज रीतसर तपासणी केली. भिंतीवर एकदा वाजवलं, थांबले. उत्तर नाही. चारदा वाजवलं. नाही. वेडंवाकडं वाजवलं. नाही. उन्हाने वाजणारी भिंत उत्तर देत नसते, तेव्हा नवऱ्याचं बरोबर ठरत होतं. तिथेच थांबायला हवं होतं. पण तपासणी अर्धवट राहू नये म्हणून शेवटी आमची खूण वाजवली. दोन, थांबून एक.

लगेच आलं. दोन. थांबून एक. आणि पोटात अशी लाथ बसली की मी ओरडले.

हे लिहिताना लक्षात येतंय, आधी भिंतीच्या आवाजाला ताल नव्हता. तिला ती खूण येत नव्हती. मी शिकवली.

बुधवार, १९ नोव्हेंबर

मी पोटावर वाजवते, बाळ गप्प. भिंत वाजवते, बाळ उत्तर देतं. आज चारदा तसंच झालं. मीच पोटावर नकळत हळू वाजवते का, अशीही शंका घेऊन पाहिली. नाही.

नणंदेला बोलावलं. ती चेष्टा करतच आली, म्हणाली, बघू माझा भिंतीतला भाचा काय म्हणतोय. कान लावला. हसू तसंच तोंडावर राहिलं आणि रंग उतरला. कबुतरं असतील, एवढंच म्हणाली. नंतर दिवसभर तिने एकही विनोद केला नाही. त्याचीच मला जास्त भीती वाटली.

आम्ही दोघींनी पलंग खोलीच्या मधोमध ओढला. त्याचे पाय जुन्या ओरखड्यांत बरोबर बसले.

शनिवार, २२ नोव्हेंबर

तपासणी. गेल्या आठवड्यात डोकं खाली होतं, आता बाळ आडवं झालंय. डॉक्टर म्हणाल्या, या दिवसांत सहसा फिरत नाही, पण फिरलंय. मी त्यांना विचारलं नाही की कुठल्या दिशेला. मला माहीत आहे. मी कुठेही तोंड करून झोपले तरी त्याचं डोकं भिंतीकडे येतं. त्या वेळी आतून जी ओढ लागते ती कुशीपर्यंत दुखते.

नवऱ्याने घर सोडायचं ठरवलं. उरलेल्या भाड्याचं बोलायला आम्ही मालकीणबाईंकडे गेलो. मी आधीच्या बायकांबद्दल विचारलं. सगळ्या सुखरूप सुटल्या, असं त्या छातीठोक म्हणाल्या. मग आपणहून बोलत सुटल्या. आधीची एक, म्हणे, बाळ दाखवायला आली होती. गुटगुटीत पोर, दृष्ट लागावी असं. फक्त आईकडे बघायचं नाही. इथे ओट्यावर भिंतीकडे तोंड करून बसलं आणि खुळखुळा वाजवत राहिलं. आणि आई विचारते कशी, वरची खोली रिकामी आहे का, माझं काहीतरी तिथे राहिलंय. मी म्हटलं, बाई, खोली झाडून घेतलीय, चिंधीसुद्धा नाही. तरी गेली. पोराला माझ्याकडे टाकून अख्खी दुपार भिंतीला कान लावून बसली. या बाळंतिणींची डोकी अशीच फिरतात, असं म्हणून मालकीणबाईंनी नवऱ्याला अर्धं भाडं परत द्यायचं कबूल केलं.

मी पायरीवर बसले.

जे राहिलंय ते तिचं बाळ आहे. जे ती घेऊन गेली ते नाही. पुरावा नाही माझ्याकडे. पण काटा कुठे झुकतोय ते दिसतंय.

सोमवार, २४ नोव्हेंबर

काल सकाळी नणंदेच्या घरी आलो, फाटकापलीकडे. भिंती सगळ्या गप्प. मी रडले सुटकेने.

मग बाळही गप्प. काल दिवसभर हालचाल नाही. गोड खाल्लं, थंड पाणी प्यायले, कूस बदलली. उचक्यासुद्धा नाहीत. आज सकाळी नणंदेने गाडी काढली. फाटक बंद होतं. तिथे थांबलो असताना मी त्याला सगळं कबूल केलं. हवं तर त्या भिंतीशी बोल, हवं त्याच्याशी बोल, पण बोल.

गाडी त्या घराखालच्या गल्लीत वळली आणि बाळ उसळलं.

हॉस्पिटलात पट्टा बांधून ठोके पाहिले. उत्तम. डॉक्टर म्हणाल्या, झोपलं असेल, पण आता लांब जाऊ नका.

म्हणून परत त्याच खोलीत. नवरा फोनवर म्हणाला, रजा टाकून गुरुवारी येतो. त्याचा आवाज मला न घाबरवण्याचा प्रयत्न करत होता.

भिंत आज थांबतच नाही.

बुधवार, २६ नोव्हेंबर

सकाळपासून भिंत गप्प. पूर्ण. मीच न राहवून वाजवलं. काही नाही. आतून पोकळ वाटली.

नणंदेने मला मिठी मारली.

तपासणीला गेलो. बाळ आपणहून वळलंय, डोकं खाली, अगदी हवं तसं. डॉक्टर खूश. म्हणाल्या, शहाणं आहे तुमचं बाळ. नर्सने ठोक्यांचं यंत्र लावलं. खाली ओटीपोटाशी मोठे, संथ ठोके. यंत्र काढताना तिचा हात वर सरकला. डाव्या बरगडीखाली आणखी ठोके. बारीक, भराभर, पळणाऱ्याचे असावेत तसे. ती म्हणाली, प्रतिध्वनी आहे.

मी सोनोग्राफीचा हट्ट धरला. एकच दिसलं. डॉक्टरांनी पडदा माझ्याकडे वळवून दाखवलं, एकच. ते मोठं आहे. त्याच्या मागे कोण आहे ते त्यात दिसत नाही.

त्यांनी मला झोप लागते का विचारलं. मी खरं उत्तर दिलं. बीपीही वाढलंय. उद्या दाखल व्हायचं, परवा सकाळी कळा आणायचं औषध.

गुरुवार, २७ नोव्हेंबर. दुपार

हॉस्पिटल. खाट भिंतीपासून दूर ओढायला सांगितली. वॉर्डातल्या मावशी म्हणाल्या, बाई, वाऱ्यावर झोपायचंय का. ओढली पण.

मी आज पोटाला हात लावलेला नाही. तरी आतून. खालून. दोन — थांबून एक. ते मला बोलावतंय. आमच्या खुणेने.

वर बरगडीखाली उचक्या. रोजच्याच. ते माझं. जागा नाही तिथे, तरी आणखी वर घुसतंय — जितकं लांब जाता येईल तितकं.

नणंदेला सांगितलं सगळं. ती माझे पाय चोळत राहिली. मग म्हणाली, वहिनी, मी ऐकलं होतं त्या दिवशी, कबुतरं नव्हती, रडणं होतं. आणि बाहेर जाऊन रडली.

म्हणजे तेही कुणाचं तरी लेकरूच. महिनोन् महिने भिंतीत. त्याला बाहेर यायचंय, त्याचं काय चुकलं — मी याचा विचार करत नाही असं नाही. करते. पण मग माझं तिथे राहील. भाड्याच्या खोलीत. पुढची बाई येऊन पलंग भिंतीला टेकवेपर्यंत.

गुरुवार, संध्याकाळ

नवरा आला. त्यालाही सगळं सांगितलं. त्याने डॉक्टरांशी बोलायचं कबूल केलं, मग बाहेर त्यांच्याशी बोलताना त्याचा आवाज ऐकला. ती फार थकलीय, म्हणत होता. आधीच्या दोन वेळांमुळे, म्हणत होता.

मला ओळखायचं आहे फक्त. हातात देतील तेव्हा. खूण चालणार नाही, ती दोघांना येते. पण एक गोष्ट मी भिंतीला कधी दिली नाही. तपासणीत टकटक केली, तेवढीच. ते दुसरं फक्त पोटावर. फक्त त्याला. उत्तर दिल्यानंतरचं.

इथे परत लिहीत नाही. कुणाला सांगणारही नाही. मनातसुद्धा —

आत्ता.

आतून. खालच्याने. बोट नाही — सपाट हात. गोल. हळू. परत गोल. मी करते तसं, मी केलेलं कायम ऐकत आल्यासारखं —

उचक्या थांबल्या. नाही — आहेत. फार बारीक. वरच आहे अजून.

उद्याचं काम, एकच. औषध टोचायच्या आधी डॉक्टरांचा हात धरून सांगायचं: कळा आणू नका, पोट उघडा, आणि आधी हाताला येईल ते घेऊ नका, वर डाव्या बरगडीखाली दडून बसलंय ते आधी