नीलवंताचा धागा

शनिवार, वडगाव

लिंबोणीच्या झाडावरून नाहीशी झालेली माझी नीलवंत फुलपाखराची अळी सापडली! हातमागाच्या खांबावर तिचा हिरवा कोश झालाय. दिसला तेव्हा आत्यांची, म्हणजे माझ्या सासूबाईंची, कात्री तिथं पोचलीच होती. सुटा धागा दिसला की कापायचा, ही त्यांची जन्माची सवय. आणि कोश त्या एका धाग्यावर तोललेला. एवढासा धागा!

"आत्या, थांबा!" केवढ्यानं ओरडले मी.

त्यांनी वाकून पाहिलं. "व्हय गं, कंबरंला बांधून बसलंय की! कुणी शिकवलं ह्याला?"

"साडी उद्या द्यायचीय," हे म्हणाले.

"ऱ्हाऊ दे रं. खांब हादरंल. फुलपाखरू उडाल्याबिगर मागाला हात लावायचा न्हाय."

आत्यांनी माग थांबवला! माझ्या बाळंतपणातही तो चालूच होता.