हेक्टर बोटीवर

प्रिय आई,

पोचलो. काल दुपारी साउदॅम्प्टनला बोटीतून उतरलो आणि संध्याकाळी लंडनला, पिनरच्या घरी. बॅगा दारातच ठेवल्या, हेक्टरचं जॅकेट काढलं, आणि सवयीने फोन हातात घेतला. कुठूनही आलं-गेलं की तुला "पोचलो" असा मेसेज टाकायचा, मगच बूट काढायचे, असा तुझा नियम होता ना? फोन धरून मी हॉलमध्ये तसाच उभा राहिलो. बाबा म्हणाले, "लिही तिला. मेसेज नको, नीट लिही. तिनेच पाठवलं होतं आपल्याला."

म्हणून नीट लिहितोय. माझी मराठी शाळा चौथीपर्यंतची. इथली शाळाही अर्धवटच झाली, कारण शुगर निघाली त्या दोन वर्षांत मी वर्गात कमी आणि वॉर्डात जास्त होतो, हे तुला मी काय सांगणार? जिथे शंका आली तो प्रत्येक शब्द शब्दकोशात बघितलाय. तरी एखादी वेलांटी चुकली तर चालवून घे.

आधी भांडण उरकून घेतो. असं कोणी करतं का गं? आम्हाला न विचारता नॉर्वेची क्रूझ बुक करायची, तीन माणसं आणि एक कुत्रा, आणि मग आपण फेब्रुवारीत निघून जायचं? सकाळी चहा टाकलास आणि तो उकळायच्या आत खाली पडलीस. तुझं नाव बुकिंगमधून काढायला बाबांनी फोन केला. पलीकडच्या बाईंनी साध्या आवाजात कारण विचारलं. बाबांनी फोन माझ्या हातात दिला.

मला जायचंच नव्हतं. चारी बाजूंना पाणी, ॲम्ब्युलन्स कुठून येणार? माझी शुगर पडायला लागली की मला स्वतःला काही कळत नाही. हेक्टरला वासावरून कळतं. तो गुडघ्यावर पंजा मारतो, मी ज्यूस पितो, आणि दिवस पुढे चालू होतो. पण समुद्रावर, इंजिनाच्या वासात, त्याचं नाक चालेल का? याची खात्री मला कोणीच देईना. तू दिली असतीस, काही माहीत नसताना. "चालेल रे, न चालायला काय झालं?"

तो घरी आला तो दिवस आठवतो? ट्रेनर बाईंनी नाव सांगितलं आणि तू माझ्याकडे वळून मराठीत म्हणालीस, "हेक्टर? जमीन मोजायला आणलाय का?" पाच मिनिटांत त्याचा सोन्या झाला होता.

आणि तिथेच आपलं बिनसलं. ट्रेनर बाईंचा नियम होता की कामाचा आवाज एकच, शब्दही ठरलेले. मी शब्दांची यादी छापून फ्रिजवर लावली. तू त्या यादीवर वाटाणे आणायची चिठ्ठी चिकटवलीस.

"आई, त्याच्याशी मराठीत बोलू नकोस."

"मग काय, घरातल्या माणसाशी मुकं राहू?"

"तो माणूस नाहीये."

"तू तरी कुठे होतास? दीड वर्षाचा होईपर्यंत नुसता चावायचास."

हे आठवून आता मला हसू येतं. पुढचं आठवून येत नाही. ट्रेनर बाई तपासणीला आल्या होत्या आणि तू त्यांच्यासमोर हेक्टरला "ये रे सोन्या" म्हणालीस. मी तुझ्यावर ओरडलो. "आई, तुला यातलं काही कळत नाही! त्याचं काही चुकलं तर मी मरेन, तू नाही!"

तू फक्त "बरं" म्हणालीस आणि बाईंना बिस्किटं दिलीस. त्यानंतर तू हेक्टरशी एक अक्षर बोललेलं मी ऐकलं नाही. मला वाटलं, चला, नियम बसला. किती मूर्ख होतो मी!

बोटीच्या कागदांची तू केलेली फाइल निघायच्या दोन आठवडे आधी उघडली. काय फाइल होती! रेबीजच्या लशीचा कागद, चिपचा नंबर, नॉर्वेत शिरण्याआधी द्यायच्या जंताच्या गोळीची वेळ, सगळ्यांवर तुझ्या अक्षरातली लेबलं. कुत्र्याबद्दलचा बोटवाल्यांचा फॉर्मही तूच भरून पाठवला होतास. त्याची प्रत वाचताना एका प्रश्नापाशी मी अडकलो. मालकाशिवाय घरातल्या आणखी कोणाचं कुत्रा ऐकतो का? तू "हो" वर खूण केली होतीस.

मला रागच आला. इतक्या वेळा सांगूनही चुकीचं लिहिलंस? मी लगेच बोटवाल्यांना ईमेल पाठवला: फॉर्ममध्ये एक चूक आहे, हेक्टर फक्त माझं ऐकतो, दुसऱ्या कोणाचंही नाही. तुझं उत्तर मी खोडलं, आई. तू गेल्यावर. ईमेल पाठवण्याआधी स्पेलिंग दोनदा तपासलं होतं.

आता बोटीवरचं सांगतो. हेक्टर ऐटीत चढला, लिफ्टमध्ये शहाण्यासारखा बसला, जेवणाच्या हॉलमध्ये टेबलाखाली असा पडून राहिला की वेटरला तो दिसलाच नाही. अडचण एकाच ठिकाणी आली. त्याच्यासाठी मागच्या डेकवर एक लाकडी पेटी ठेवली होती, साधारण आपल्या डायनिंग टेबलाएवढी, आत लाकडाचा भुसा. त्याने त्यातच शी-शू करायची. त्या पेटीची देखभाल सावंत नावाचे एक गृहस्थ करत होते, मालवणचे, मिशीवाले, अर्धं आयुष्य बोटींवर काढलेले. आमचं बोलणं ऐकून त्यांनी पहिल्याच दिवशी बाबांना गाठलं होतं.

हेक्टरने पेटी हुंगली आणि तिच्या शेजारी जाऊन बसला. बसस्टॉपवर बसतात तसा!

त्याचा शब्द मी म्हणून पाहिला. "बिझी बिझी." आपल्याकडे गवतावर हा शब्द ऐकला की अर्ध्या मिनिटात काम होतं. इथे काहीच नाही. तासाने पुन्हा गेलो. जेवण झाल्यावर पुन्हा. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा. मी वहीत तक्ता केला, किती वाजता नेला, किती पाणी प्याला. दुसऱ्या दिवशी दुपारचे बारा वाजले तेव्हा तक्त्यातला शेवटचा रकाना चोवीस तास रिकामा होता. हेक्टर कण्हत नव्हता, पण चालताना थांबत होता आणि माझ्याकडे बघत होता. आणि पोटात कळ दाबून बसलेला कुत्रा माझ्या शुगरकडे काय लक्ष देणार?

बोटीच्या ऑफिसर बाई चांगल्या होत्या. त्यांनी स्पष्ट सांगितलं की संध्याकाळपर्यंत झालं नाही तर किनाऱ्यावरच्या प्राण्यांच्या डॉक्टरांना कळवावं लागेल, आणि उद्या पहिल्या बंदरावर आम्हाला उतरावं लागेल. बोट थांबणार नाही. पुढचं तुमचं तुम्ही बघा.

मी केबिनमध्ये जाऊन हेक्टरची बॅग भरायला लागलो. बाबा खुर्चीत बसून बघत होते.

"तू उतरलास तर मी पण उतरतो."

"तुम्ही कशाला? आईला तो फिओर्ड बघायचा होता. तुम्ही तरी बघा."

"तिला आपल्याला दाखवायचा होता. मी एकटा काय बघू? पाणी?" मग उठून म्हणाले, "चल, एकदा शेवटचं नेऊ त्याला."

वर वारा होता. बाबांनी कानटोपी घातली होती, भर जूनमध्ये. सावंत फावडं घेऊन उभे होते. शेजारी एक इंग्लिश आजी कॉफी घेऊन समुद्र बघत होत्या. मी पुन्हा "बिझी बिझी" सुरू केलं. हेक्टर बसला.

"निनाद, तू जरा बाजूला हो."

"बाबा, कमांड एकच पाहिजे. आवाज बदलला की तो गोंधळेल—"

"बाजूला हो म्हटलं ना."

आई, बाबांनी त्या कुत्र्याला चार वर्षांत कधी हात लावला नव्हता, माहितीये ना? त्यांनी डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, कानटोपी सारखी केली, आणि गुडघ्यावर हात ठेवून वाकले.

"चल सोन्या. शूऽऽ कर. शूऽऽऽ..."

आपल्याकडे लहान मुलाला मोरीवर धरून करतात ना, अगदी तसं. मला वाटलं, डेकवरून उडी मारावी. पण हेक्टरचे कान उभे राहिले. तो उठला. बाबांकडे बघून त्याने शेपूट हलवलं, पेटीत चढला, आणि गोल फिरून थांबला.

"शूऽऽऽ," बाबा.

"शूऽऽऽ," सावंतांनीही सूर धरला, फावडं हातात तसंच. "आमच्या पोरांक पण असाच करूक लागायचा."

मी काय करणार? मी पण म्हणालो. तीन मोठी माणसं, एक पेटी, आणि उत्तर समुद्र.

आणि झालं! सुरू झालं ते थांबेचना. सावंत म्हणाले, "भरती इली हो!" त्या इंग्लिश आजींनी कॉफी खाली ठेवून टाळ्या वाजवल्या. बाबा वाकलेलेच होते. ते हसत होते, आणि डोळेही पुसत होते, वाऱ्यामुळे म्हणाले.

मग मी विचारलं. "बाबा, हे तुम्हाला कसं माहीत?"

"तुझी आई करायची रोज. तू कामावरून आलास की आंघोळीला जायचास, तेवढ्यात ती त्याला मागे बागेत न्यायची. मी किचनमधून बघायचो."

"रोज? चार वर्षं?"

"ट्रेनर बाई यायच्या त्या आठवड्यात बंद. त्या गेल्या की चालू."

"आणि मला सांगितलं नाहीत?"

"ती म्हणायची, निनादला कळलं तर तो घाबरेल. घाबरला की त्याची शुगर पडते."

खोटं कशाला लिहू, मला आधी रागच आला. माझ्या पाठीमागे! मी वहीत नियम लिहितोय आणि घरातले दोघंही फितूर! पण मग मी हिशोब केला, तुला माहितीये मी तो करणारच. या चार वर्षांत हेक्टरचा पंजा एकदाही चुकला नाही. त्याच्या डोक्यात इंग्रजी आणि मराठी दोन्ही होत्या आणि त्याचा काहीच गोंधळ झाला नव्हता. गोंधळ माझाच होता. त्याच दुपारी, पोट हलकं झालेल्या हेक्टरने सूप पिताना मला पंजा मारला. मोजली तर तीन पॉइंट चार, चारच्या बरीच खाली. समुद्रावर, इंजिनाच्या वासात, नाक चालत होतं. न चालायला काय झालं?

जेवण झाल्यावर मी ऑफिसर बाईंकडे गेलो आणि म्हणालो, मी पाठवलेली दुरुस्ती मागे घ्यायची आहे. फॉर्मवरचं पहिलं उत्तर बरोबर होतं. त्यांनी कॉम्प्युटरवर बघून विचारलं, "हा फॉर्म कोणी भरला होता?" मी म्हणालो, माझ्या आईने, आणि तिला सगळं माहीत होतं. त्यांनी माझ्यासमोरच बदल केला. तुझा "हो" परत आलाय, आई.

फिओर्ड छान होता, उंच कड्यांमधून आत शिरलेला समुद्र. पाणी इतकं शांत होतं की बाबा हळू आवाजात बोलायला लागले. तुझ्याबद्दल बोलले. लग्नाआधी तू त्यांना पत्रात बोटीचं चित्र काढून पाठवलं होतंस, हे मला कधी सांगितलं नव्हतंस! फोटो काढायला हात मोकळे हवे होते म्हणून मी हेक्टरचा पट्टा त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो दोन्ही हातांनी धरला, उतरेपर्यंत परत दिला नाही.

पण एक गोष्ट मला राहून राहून टोचतेय. स्वतःच्या घरात, स्वतःच्या बागेत, एका कुत्र्याशी आपल्या भाषेत दोन शब्द बोलायला तुला चोरून जावं लागलं. शॉवरचा आवाज ऐकत घाई केली असशील ना? मी लवकर बाहेर आलो तर धावत आत आली असशील. मी तेव्हा म्हणालो ते वाक्य परत घ्यायला कुठलं ऑफिस आहे, आई? तू "बरं" म्हणालीस तेव्हा तुला खरंच बरं वाटलं नव्हतं, एवढंही मला कळलं नाही. सॉरी.

पुढच्या वर्षी हेक्टर कामावरून रिटायर होईल. त्याने नंतर कुठे राहायचं आणि मला नवीन कुत्रा हवा का, हे विचारणारं पत्र गेले कित्येक महिने मी उघडलं नव्हतं. आज सकाळी उघडलं. हेक्टर इथेच राहील, बाबांचा म्हणून. आणि हो, मला नवीन कुत्रा हवाय. फ्रिजवरची यादीही काढली. ट्रेनर बाईंना मी सगळं खरं सांगणार आहे. त्या रागावल्या तर मी ऐकून घेईन.

तुला वचन देतो. नवीन कुत्रा येईल तेव्हा कामाचे शब्द माझे असतील. बाकी सगळं बाबा बोलतील, त्यांना हवं ते, हव्या त्या भाषेत, माझ्यासमोर. या घरात आता कोणालाही माझी आंघोळ होईपर्यंत थांबावं लागणार नाही.

तुझा,
निनाद