लालासाहेबांचं नाव

माळवाडी, कवठे महांकाळ
मार्च १९४४

प्रिय रिबका,

प्रभूमध्ये आईचा सलाम. हे पत्र टपालानं न येता गाडीवाल्या सिद्धूच्या हातून येतंय म्हणून दचकू नकोस, मी धडधाकट आहे. दवाखान्यातलं काम उरकल्यावरच पत्र तुझ्या हाती द्यायचं, असं त्याला बजावून सांगितलंय. तू मात्र एवढं ऐक. शेवटपर्यंत वाचल्याशिवाय वॉर्डात पाऊल टाकू नकोस. अर्धं वाचून उठायची तुझी सवय मला ठाऊक आहे.

इकडे ऊन फार तापलंय. शाळेतली पोरं एकेक करून यायची थांबली. आधी वाटलं, सुगीची कामं असतील. सुगी संपली तरी पाटी घेऊन कुणी येईना. मग धोंडुबाईनं दूध घालायचं बंद केलं. इतक्या वर्षांची ओळख तिची, पण आता मला पाहिलं की पदर तोंडावर घेऊन दुसऱ्या गल्लीनं जाते. परवा उठून दार उघडलं तर उंबऱ्यावर टाचण्या टोचलेलं, कुंकू माखलेलं लिंबू. चांगलं रसाळ होतं गं, पण सरबताला साखर कुठली मिळते हल्ली! हसले खरी, पण ते हातानं न उचलता चिमट्यानं उचललं, हे तुझ्यापासून काय लपवू?

गाव म्हणतं, मास्तरीण करणी करते. त्याचं मूळ आपल्या संध्याकाळच्या प्रार्थनेत आहे. आपलं घर रस्त्याला लागून, भिंत ती केवढीशी. कंदील लावून, डोळे मिटून मी रोज लालासाहेबांचं नाव घेते ते जाणाऱ्या-येणाऱ्याला ऐकू जातं. पुढचे शब्द कुणी ऐकत नाही. नाव तेवढं ऐकतात आणि पाय उचलतात.

तुला ते नाव नुसतं वाचूनही चीड येत असेल. येणारच. गावच्या विहिरीवर आपली सावली पडू द्यायची नाही, हा गावचे पाटील म्हणून त्यांचाच हुकूम. म्हणून तुझ्या बाबांनी शाळेमागच्या खडकात स्वतःच्या हातांनी विहीर खणली. पाणी लागलं त्या दिवशी ते लहान पोरासारखे नाचले होते, आठवतं? त्याच उन्हाळ्यात कुणीतरी रात्री तिच्यात मेलेलं कुत्रं टाकलं. ते काढायला बाबा उतरले. दोर तुझ्या हातात होता. खाली हवा कोंदली होती आणि दोर एकाएकी जड झाला. लालासाहेब पलीकडच्या लिंबाखाली उभे होते, जागचे हलले नाहीत. कुत्रं त्यांनी टाकलं की टाकवलं, ते मला आजही ठाऊक नाही. ते हलले नाहीत, एवढं मी पाहिलं.

त्या संध्याकाळी, बाबांना माती देऊन आल्यावर, मी प्रार्थनेत लालासाहेबांचं नाव घेतलं आणि तू उठून बाहेर गेलीस. आमेन म्हणाली नाहीस. तेव्हापासून माझ्यासोबत प्रार्थनेला बसली नाहीस. तुला वाटलं, आईनं बाबांना विकलं. पोरी, मला तो माणूस अजून आवडत नाही. त्यांच्यासाठी मागताना जीभ पुष्कळदा टाळूला चिकटते. पण प्रभूनं शत्रूसाठी मागायला सांगितलं, आवडायला लागल्यावर मागा असं नाही सांगितलं. आणि खरं सांगू? नाव घेतलं की मला झोप लागते. एखादे दिवशी चुकलं की रात्रभर विहिरीचा तळ दिसतो.

गेल्या वर्षी त्यांचा खिलारी बैल गोठ्यात फुगून मेला. दिवाळीनंतर थोरला मुलगा लढाईत पडल्याची तार आली. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली, दुसरं काय? पण गावानं माझी प्रार्थना आणि त्यांची संकटं एका दोऱ्यात ओवली. त्यांची बायको बनुबाई दारात येऊन रडली. मास्तरीणबाई, माज्या धन्याचं नाव घ्याचं सोडा, लय झालं आता, म्हणाली. मी तिला आत बोलावलं, काय मागते ते ऐकवते म्हटलं. ती उंबरा ओलांडायला तयार होईना. नाव घ्यायचं सोडलं असतं तर शाळा भरली असती, दूधही आलं असतं. नाही सोडता आलं. मी हट्टी आहे, हट्टात तू काही बाबांवर गेलेली नाहीस.

आता मुद्द्याचं लिहिते. लालासाहेबांना तापानं धरलंय. जीभ काळी पडलीय, माणूस ओळखत नाहीत. देवऋषी झाले, अंगारे झाले. काल बनुबाई पुन्हा आली. तुमीच घातलंय, तुमीच काढा, म्हणाली. मी म्हटलं, काढणारी मी नव्हे, माझी रिबका आहे त्या दवाखान्यात त्यांना घेऊन जा. सिद्धूची गाडी मीच ठरवली, ती पहाटे सुटेल. गाडी ठरल्यावर त्यांचा भाऊ आकाराम सगळ्यांसमोर म्हणाला, दादा चालत आला तर बरं, न्हाई तर बाई, तुमचं छपार ऱ्हात न्हाई.

तेव्हा, बाळा, हे पत्र ज्या गाडीतून आलं तिच्यातच ते निजले होते. आता तुझ्या वॉर्डात असतील. माझ्या छपरासाठी त्यांना वाचवू नकोस, मी इथून हलणार नाही आणि दारही लावणार नाही. ते पाणी मागतील. शुद्धीवर असले तर तुझ्या हातचं घेणार नाहीत, तोंड फिरवतील. तू वाटी घेऊन तिथंच उभी राहा. प्यायले की त्यांचं नाव घे आणि त्या संध्याकाळचं राहिलेलं आमेन म्हण. तोंडातून नाहीच आलं, तर नुसतं पाणी पाज. नाव मी इकडे घेतेच आहे.

तुझीच,
आई