फ्यूज आणि तांब्याची तार

तुम्ही माझं मनगट धरून मला पॅनलबाहेर ओढलंत आणि दुसऱ्या हाताने डाव्या कानाखाली मारलीत, मामा. मी लोखंडी दारावर आपटलो. ओठ फुटला. जालन्याच्या त्या सळईच्या मिलमध्ये तुम्ही विजेचे मिस्त्री होता आणि मी नव्या कंट्रोल संगणकाला सप्लाय जोडायला आलो होतो. त्याला मोटारींची लाइन सोसत नाही, वेगळा ट्रान्सफॉर्मर आणि वेगळी अर्थिंग लागेल, असं मी सांगितलं आणि तुम्ही एका शब्दाने न विचारता कोळसा-मीठ घालून अर्थिंगचा खड्डा भरलात. भिंतीपलीकडच्या बोर्डातला फ्यूज काढून माझ्या खिशात ठेवलात. ज्याचा हात आत, त्याच्या खिशात फ्यूज, हा तुमचा कायदा. आणि येणाऱ्या वायरींना तांब्याची उघडी तार बांधून ती अर्थिंगला जोडलीत. कुणी करंट सोडलाच तर तो माझ्या अंगातून न जाता तारेतून जमिनीत जावा म्हणून. ती तार माझ्या हाताच्या मध्ये येत होती. मी सोडली आणि मार खाल्ला.

"फ्यूज माझ्याकडंच आहे ना," मी म्हणालो.

"दुनियेत एकच फ्यूज हाय का?" तुम्ही तार पुन्हा बांधत होता. "तुझ्या आईला काय सांगू मी?"

फोरमन दारात आला. "मिस्त्री, भट्टीत माल लाल होऊन पडलाय. दोन वायरी जोडायला भाच्याला मुहूर्त पाह्यजे का?"

"हात हाय त्याचा आत. हो बाहेर."

"मालकाला तुम्हीच सांगा मंग."

तो गेला. मी दोन्ही हात आत घातले, उघडं टोक बोटांत धरलं. तेवढ्यात भिंतीपलीकडे स्फोट झाला. पॅनल हादरलं. हातातली वायर तडफडली, पण करंट तुमच्या तारेतून जमिनीत गेला, मला काही झालं नाही. फोरमनने वेल्डरच्या बोर्डातला फ्यूज उपटून आमच्या फ्यूजच्या रिकाम्या जागी ठोकला होता. त्यात कुणीतरी फ्यूजच्या बारीक तारेऐवजी जाड तार भरलेली. ती वितळून त्याच्या हातावर, गालावर उडाली होती. जळलेल्या कातड्याचा वास येत होता. तो गुडघ्यावर बसून हात झटकत होता आणि तुम्ही त्याला लाथ घातलीत. मग कॉलर धरून उठवलंत आणि पुन्हा मारलंत, तोंडावर, जिथं भाजलं होतं तिथंच. दोघा कामगारांनी तुम्हाला मागून आवळून धरलं. सुटल्यावर तुम्हीच त्याचा हात नळाखाली धरलात. तो ओरडत होता.

आता माझ्या साइटवर प्रत्येकाचं स्वतःचं कुलूप असतं. बोर्डाला लागतं, किल्ली खिशात. कुणावर हात उचलावा लागत नाही. तार मात्र मी अजून बांधतो. तुम्हाला खांदा दिला तेव्हा मला नळाखालचे तुमचे हात आठवले नाहीत, कान आठवला. हा कागद मी कुठं पाठवणार नाही, म्हणून लिहितो. त्या कानाने मला सगळं ऐकू येतं, मामा. तेव्हाही येत होतं. तुम्ही मरेपर्यंत माझ्या उजव्या बाजूला येऊन बसत राहिलात, आणि मी बसू दिलं.

त्या स्फोटाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी जोडणी पुरी केली. तुम्ही तार सोडलीत आणि माझ्या डाव्या बाजूला उभं राहून हळूच विचारलंत, "येतं का ऐकू?" मी समोर बघत राहिलो. तुम्ही उजवीकडे आलात. मी खिशातला फ्यूज तुमच्या हातात दिला. थोड्या वेळाने संगणकाचा हिरवा दिवा लागला.