सोनिवलीत रेंज नाही

७ एप्रिल २०२५, सोमवार

आज पुन्हा बाबांना फोन लागला नाही. आई गेल्यावर मीच हट्टाने त्यांना अंबरनाथच्या बुवापाड्यातून उचललं आणि सोनिवलीच्या नव्या फ्लॅटमध्ये नेऊन ठेवलं. ‘लिफ्ट आहे बाबा, मोकळी हवा आहे!’ आता पंधरा दिवस झाले, घरात रेंज नाही. फोन करायला बाबा चौथ्या मजल्यावरून गेटापर्यंत उतरतात. आणि त्यांची मुलगी मोबाइल नेटवर्कचं नियोजन करते. हसावं की रडावं!

८ एप्रिल

ऑफिसात सॉफ्टवेअरवर सोनिवली उघडली. सगळं हिरवंगार – म्हणजे उत्तम रेंज. खोटं! नकाशा जुना आहे, बाबांच्या बिल्डिंगच्या जागी अजून भातशेती दिसते. फोन लागत नाहीत म्हणून कॉल कमी, कॉल कमी म्हणून तिथे माणसंच राहत नाहीत – हे त्याचं गणित. माझे बॉस समीर सर, त्यांना दाखवलं.

‘संध्या, टूल ग्रीन दाखवतंय ना? मग? एक तरी कंप्लेंट आहे का?’

अहो, कंप्लेंट करायला फोन लागावा लागतो!

११ एप्रिल

समीर सरांना सोनिवलीची तीच मेल तिसऱ्यांदा पाठवली. उत्तर नाही. येणारही नाही.

१४ एप्रिल

सकाळी बाबांना जय भीम करायला सात वेळा फोन लावला. लागला नाही. वाटलं, जयंतीची गडबड, विहारात गेले असतील. साडेअकराला शेजारच्या वृंदाताईंचा गेटावरून फोन. बाबा बाथरूममध्ये पडले होते. खुबा मोडला. तीन तास फरशीवर. मोबाइल हातातच होता – माझा नंबर लावत होते.

१८ एप्रिल

ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, यापुढे वॉकर लागेलच. बाबा नर्सला सांगत होते, ‘आपली पोरगी त्याच लायनीत हाय. टॉवरचं सगळं तीच बघते!’ मला तिथे उभं राहवेना. बाहेर जाऊन रडले.

२१ एप्रिल

एवढे दिवस हे सुचलं कसं नाही! मार्चच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत बाबा घरातूनच बोलायचे. म्हणजे कुणीतरी टॉवरवरची अँटेना खाली झुकवली, सिग्नल बाबांच्या मजल्यापर्यंत पोहोचेनासा झाला. ते ऑफिसात बसल्या बसल्या होतं. उद्या जुन्या नोंदी काढते. ज्याने केलं असेल त्याला सोडणार नाही.

२२ एप्रिल

नोंद सापडली. २१ मार्च, शुक्रवार, संध्याकाळी पाच बावन्न. सॉफ्टवेअरने सुचवलेले एकशे चाळीस बदल, एकाच क्लिकमध्ये मंजूर. शुक्रवारी घरी जायच्या घाईत आम्ही सगळेच असं करतो, एकेक उघडून कोण बघतं! त्यात सोनिवलीची अँटेनाही होती.

मंजूर करणाऱ्याचं नाव – माझं.

अँटेना पुन्हा वर केली. दोन मिनिटं लागली.

२८ एप्रिल

बाबा घरी आले. दुपारी ऑफिसात असताना त्यांचा फोन – पलंगावरून! ‘संध्ये, रेंज आली गं! अख्ख्या विंगला सांगितलं, माझ्या पोरीनं आणली. तूच आणलीस ना?’

मी हो म्हटलं.