रिकाम्या टाकीवरचा पहिला नंबर

प्रिय भिरभिऱ्या,

अक्षर ओळखलं असशीलच. मला काही या वयात अचानक लिहिता यायला लागलेलं नाही. बोलतेय मी, लिहितेय तुझी ताई. तिला स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसवलंय, पुढ्यात चहा ठेवलाय आणि दाराची कडी लावून घेतलीय, कारण मघाशी दोनदा 'आलेच हं' म्हणून उठून गेली. फोन का नाही केला म्हणशील. तुझ्याशी फोनवर कोण बोलणार? 'आजी, गाडी पहिली आली, बोर्डावर बघितलंस ना!' एवढं ओरडतोस, आणि मी तोंड उघडायच्या आत कुणीतरी तुला हाक मारतं. पत्राचं बरं असतं, त्याला मध्येच तोडता येत नाही. टायर घेऊन ट्रक उद्या तुमच्याकडे निघतोय, त्या ट्रकवाल्याच्या खिशातून हे येईल. रविवारच्या शर्यतीआधी पोचावं, एवढंच.

घरी सगळं ठीक. तुझे बाबा भेटेल त्याला तुझा पहिला नंबर सांगत सुटलेत. परवा न्हाव्याला इतक्या रंगात येऊन सांगितलं, की त्याने ऐकता ऐकता एक कल्ला पार उडवला. आता डावीकडून बघितलं तर तरुण दिसतात. आई हसते, पण टीव्हीवर तुझं नाव आलं की हातातलं काम खाली ठेवते.

तुझी ताई तुमच्या टीममध्ये नेमकं काय करते, हे मला इतकी वर्षं कळलंच नव्हतं. आकडे बघते, असं मी सांगायचे. परवा नीट विचारलं. ती म्हणाली, सीझनच्या आधी सगळ्या टीम एकाच ट्रॅकवर गाड्या पळवून बघतात, बोर्डावर वेळा लागतात, पेपरवाले त्या छापतात, आणि त्यात खरं फार थोडं असतं. पाहुणे येणार म्हटलं की आपण पसारा पलंगाखाली ढकलतो आणि पाहुणे म्हणतात, काय टापटीप घर! तसलंच ते. कुणी टाकी भरून पळतो आणि मुद्दाम हळू दिसतो. कुणी थेंबभर पेट्रोल आणि कोरे मऊ टायर घालून सुसाट सुटतो. एक बाई भरली बादली घेऊन जिना चढली आणि दुसरी रिकामी, तर आधी कोण पोचली यावरून अंगातली ताकद कळते होय? कुणाच्या बादलीत किती पाणी होतं ते ताडायचं, टायर आणि वारा वजा करायचा, आणि यंदा खरं कोण कितवं येणार ते सांगायचं, हे ताईचं काम. दर वर्षी जवळजवळ तसंच घडतं म्हणे. मला तर भीतीच वाटली हिची.

इथे ती थांबलीय. लिही गं बाई, चहा निवतोय.

तर त्या गाड्या पळवून बघण्याच्या शेवटच्या दुपारचं. जाहिरातवाली मंडळी वर काचेच्या खोलीत बसलेली, आणि मालकांना टीमचं नाव बोर्डाच्या डोक्यावर दिसायला हवं होतं. म्हणून तुझी टाकी जवळजवळ रिकामी ठेवली आणि टायर सगळ्यात मऊ चढवले. तुला सांगायचं नाही, असा हुकूम. कारण पेपरवाल्यांसमोर तुझ्या पोटात काही राहत नाही. ते मात्र खरं हो. वाढदिवसाला तुझ्या आईला काय आणलंय, ते तू दारातच सांगून टाकायचास. पण तू काही लाकडाचा नाहीस. गाडी हलकी लागतेय, म्हणून तू रेडिओवर विचारलंस. त्या दुपारी रेडिओवर ताईच होती. ती म्हणाली, गाडीच्या मागे बसवलेला नवा पंख चांगलं काम करतोय, म्हणून तसं वाटतंय. संध्याकाळी सगळं खरं सांगायचं, असं मनाशी ठरवून म्हणाली. आणि संध्याकाळ व्हायच्या आत, आपलीच गाडी पहिली म्हणून, तू त्या दुसऱ्या टीमला, जी एवढी तुझ्या मागे लागली होती, फोन करून नको म्हणालास. त्यांनी लगेच दुसरा मुलगा घेतला. मग सांगून उपयोग काय, म्हणून ही गप्प बसली.

ताईच्या हिशेबाने तुमची गाडी यंदा शेवटून दुसरी आहे. मी म्हटलं, चुकली असशील. म्हणाली, मलाही तेच हवं होतं, म्हणून पुन्हा पुन्हा केलं. मग गाडीत काही बदला ना, म्हटलं! म्हणे, अर्धा सीझन होईपर्यंत नवं काही बसत नाही. मालकांना सांग, म्हटलं! म्हणे, त्यांना आधीपासून ठाऊक आहे. बसल्या जागी सगळी दारं ठोठावून झाली माझी, बाळा. एकही उघडलं नाही.

आणि मी तुला ओळखते. मागे पडलास की तुला वाटेल, आपणच कमी पडतोय. मग गाडीत नसलेला वेग वळणावर पिळून काढायला जाशील. आपल्या उतारावर सायकलचा ब्रेक कशाला असतो, हे तुला दात पडल्यावर कळलं होतं. ट्रॅकच्या वळणावर भिंत आहे रे. कुणाच्या टाकीत किती होतं, हे भिंतीला कळत नाही. तू शेवटून दुसरा ये. शेवटून पहिला ये, मी गल्लीभर मिरवेन. पण चालत घरी ये.

ताई तुझा फोन उचलत नाही, ते यामुळे. तोंडाने तिला जमत नाही, आणि मी सांगितलं असतं तर तू म्हणाला असतास, आजीला काय कळतंय गाड्यांमधलं. म्हणून तिच्याच हाताने लिहून घ्यायला बसले. पण आता माझी पंचाईत बघ. मी एवढं बोलले, पेन चाललं, थांबलं, परत चाललं. कागदावर ओळी उमटल्यात, त्या मला दिसतात, कळत नाहीत. आजी मजेत आहे, वेळेवर जेवत जा, असंही लिहिलं असेल हिने पानभर. वाचून दाखव म्हटलं, तर वाचणार तीच. तिच्या डोळ्यांत पाणी आहे, पण त्यावरून मी काय ओळखू? टाकीचं तुझ्या वाचनात आलं असेल, तर तिने लिहिलं. मग तिला फोन कर, हवं तेवढं ओरड, पण शर्यतीच्या आधी कर. आणि नसेल आलं, तर रविवारी टीव्हीसमोर बसून तू प्रत्येक वळणातून बाहेर येतोस का, एवढं बघणं माझ्या हातात आहे.

तुझीच, आणि हे लिहिणारीचीही,
आजी