मेतकुटाच्या पाकिटावर बाबा

आई,

भिंतीवरचा बाबांचा फोटो मी नेला आहे, दचकू नकोस. हार काढून देवघरात ठेवला आहे.

मेतकुटाच्या नव्या पाकिटाचा नमुना आज कोठी बाजारातल्या प्रेसमध्ये पक्का करायचा आहे. प्रेसवाले हमीदभाई म्हणतात, "बाई, फोटो डालो. अब बड़े बड़े कंपनियाँ आ गए, लोगाँ चेहरा देखकोच भरोसा करते." मला ते पटलं. मग काल भाजी निवडताना तू म्हणालीस, "पाकीट फाडून लोक केरात टाकतात. ह्यांनाही टाकणार का?" तेही पटलं. फोटोऐवजी नुसतं नाव छापावं म्हटलं, तर नावही केरातच जाणार. आणि काहीच छापलं नाही, तर हे मेतकूट बाबांचं आहे हे कुणाला कळणार?

मी दुपारपर्यंत प्रेसमध्येच आहे. समोरच्या इंदुताईंकडून फोन कर, प्रेसचा नंबर कॅलेंडरवर लिहिला आहे. फोटो छापायचा का, हो किंवा नाही, एवढंच सांग. तू काहीही म्हणालीस तरी मला ते पटेल, हीच तर अडचण आहे.

योगिनी